मेहकर, मी आणि तुरीचे कट्टे

मेहकरचा विषय निघाला की ही बाई थांबत नाही, अशी आमच्या घरात माझी ख्याती झाली आहे. होऊ दे! बुलढाणा जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठी एवढं भरलेलं गाव आहे आणि इतकी वर्षं मला ते कुणी सांगितलं नाही, याचाच मला राग आहे. नागपूर-पुणे बसने गेलेल्यांना विचारा. त्यांना मेहकर आठवतं ते अर्ध्या झोपेत. बस थांबते, कंडक्टर ‘धा मिनिटं’ म्हणून ओरडतो, लोक डोळे चोळत उतरतात, चहा पितात, गरम आलुबोंडा कागदात घेतात आणि परत येऊन झोपतात. त्या बसस्टँडच्या मागे काय आहे, हे बघायला कोण कशाला उतरून राहील?

मी उतरले ते तुरीसाठी. डोंबिवलीत माझा लहानसा धंदा आहे. डाळी, पिठं, मसाले निवडून पाकिटात भरायचे, ओळखीच्या घरांना आणि दोन-चार दुकानांना पुरवायचे. डाळ वाशीच्या बाजारातून यायची. गिऱ्हाईक हल्ली फार चौकस झालं आहे. ‘ताई, ही तूर कुठली?’ याला ‘वाशीची’ हे काही उत्तर नव्हे. वाशीला तूर पिकत नाही. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं माहेर मेहकरचं. दरवर्षी संक्रांतीनंतर तिच्याकडे माहेरून डाळीचा डबा यायचा आणि ती मला वाटीभर चाखायला द्यायची. त्या वरणाला नुसतं मीठ, हळद आणि वरून तूप पुरायचं. शेवटी तीच म्हणाली, ‘इथे बसून नुसती चव काय घेतेस? जा की एकदा.’ गेले. आणि तिथेच रमले.

पहिल्या सकाळी बाजार समितीच्या आवारात शिरले तेव्हा मला वाटलं, लग्नाचा मांडव चुकून इथे पडला आहे. ट्रॅक्टर, छोटा हत्ती, बैलगाड्याही. ओट्यावर तुरीचे ढीग, त्यांच्या कडेला आपापल्या ढिगावर नजर ठेवून उकिडवे बसलेले शेतकरी, पाठीवर कट्टे घेऊन ‘बाजू, बाजू’ करत धावणारे हमाल, आणि सगळीकडे तो कोरडा, किंचित गोडसर, नाकात हुळहुळणारा तुरीचा भुसा. मग हर्रास सुरू झाला. एका ढिगाभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं जमलं. अडत्या मध्ये, त्याच्या शेजारी वही घेतलेला समितीचा माणूस. व्यापाऱ्यांपैकी एकाने ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला, वरची नव्हे तर पोटातली तूर मुठीत काढली, तळहातावर पसरली, फुंकर मारून कचरा उडवला, एक दाणा दाढेखाली धरला आणि फोडला. कट्! आवाज आला की दाणा वाळलेला. आवाज न येता दाणा चेपला, तर त्यात हवा जास्त, म्हणजे ओल. मग पुढे चार आकडे भराभर, कुणी भुवई उडवून, कुणी बोट वर करून, आणि मला ‘काय ठरलं?’ असं विचारायला सवड मिळायच्या आत कोंडाळं पुढच्या ढिगाकडे सरकलेलं.

ओल मोजायचं यंत्रही तिथे असतं बरं का. पण व्यापारी आधी दाताने मोजतो आणि मग यंत्राने खात्री करतो. माझ्या समोर एकाने दाणा फोडून ‘बारा’ म्हटलं, यंत्राने बाराच्या थोडं वर दाखवलं, आणि तो यंत्राकडे अशा नजरेने बघू लागला की चूक यंत्राची असावी. मी तर तिथेच त्याची शिष्या व्हायला तयार होते! दिवसभर तुरीचे दाणे फोडून पाहिले. संध्याकाळी दाढ ठणकत होती, पण ओली आणि वाळली तूर मला आता कळते.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते, कारण उत्साहाच्या भरात ती राहून जाईल. कुणीही उठून हर्रासात बोली लावू शकत नाही. त्याला समितीचा परवाना लागतो. मी परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत घेतलं. भावावर समितीचा सेस, तोलाई, हमाली, बारदाना, आणि व्यापाऱ्याचे त्याचे पैसे असं सगळं चढतं. 2025-26 साठी केंद्र सरकारने तुरीला क्विंटलमागे 8000 रुपये हमीभाव जाहीर केला, आदल्या वर्षी तो 7550 होता. ओट्यावर मात्र भाव ठरतो तो दाण्याच्या तोंडाकडे बघून: लाल की पांढरी, टपोरी की किरकोळ, डागी किती, काडी-कचरा किती. एकाच गावच्या, एकाच रस्त्याने आलेल्या दोन ट्रॉल्यांच्या भावात फरक पडलेला मी पाहिला. ज्याला कमी भाव मिळाला तो शेतकरी काही बोलला नाही. आपल्याच तुरीची मूठ उचलून त्याने दोनदा पाहिली आणि परत ढिगात सोडली. हे बघताना माझा उत्साह थोडा ओसरला, हेही लिहायलाच हवं. सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून तूर पेरायची, ऑक्टोबरात सोयाबीन काढून घरखर्च आणि देणी भागवायची, आणि तुरीवर उरलेल्या वर्षाची भिस्त ठेवायची, असं इथल्या घराघरातलं गणित असतं. ते गणित त्या मुठीत होतं.

पण धंदा करायची रीत काय सांगू! मी मुंबईकडची बाई, हातात फोन, डोक्यात ‘रेट काय, माल कधी, पैसे कसे’. अडत्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ताई, पहिले चहा घ्या, मंग बोलू. तूर काही पळून नाही चालली.’ चहा आला. मग माझं गाव, माझ्या सासरचं गाव, माझ्या आजोळचं गाव, मुलं किती, डोंबिवलीत पाणी येतं का, सगळी चौकशी झाली. माझं आजोळ वाशिम निघालं तेव्हा दुकानातल्या तिघांचे चेहरे एकदम मोकळे झाले. ‘मंग तुमी आपल्याच!’ त्यानंतर भावात खळखळ झालीच, ती काही टळली नाही, पण कट्टा काट्यावर ठेवताना त्याने स्वतः माझ्याकडे बघून विचारलं, ‘काटा पाहून घेतला न?’ वाशीला मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. आणि पैसे? मी म्हटलं आत्ता पाठवते. तर म्हणे, आधी घरी जाऊन डाळ शिजवून पाहा! मी अर्थात आधीच दिले. उधारी ज्याच्या त्याच्या स्वभावावर, पण पहिल्याच भेटीत मी तरी ती ठेवू नये, असं मला वाटलं.

तूर घेतली, आता डाळ कुठे करायची? अकोल्याच्या डाळ मिला प्रसिद्धच आहेत, ट्रकभर माल असेल तर तिकडेच जायला हवं. माझा माल थोडका. कुणीतरी डोणगाव रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या बचत गटाचं नाव सुचवलं. त्या बायांकडे पीकेव्ही मिनी दाल मिल आहे, म्हणजे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यासाठी बनवलेलं छोटं यंत्र. एका पत्र्याच्या शेडमध्ये बसेल एवढं! मला वाटलं होतं की एकीकडून तूर ओतायची आणि दुसरीकडून डाळ काढायची. छे! आधी चाळून दाण्यांची प्रत लावायची. पहिल्या फेरीत दाणा फुटत नाही, त्याची साल नुसती ओरबाडली जाते. मग त्याला पाणी लावून ढीग झाकून ठेवायचा. मग ताडपत्रीवर कडक ऊन. मग पुन्हा यंत्रात, आणि तेव्हा कुठे साल सुटते आणि पिवळीधमक डाळ खाली यायला लागते. क्विंटलभर तुरीतून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ, बाकी चुनी आणि टरफल. तेही वाया जात नाही, गाई-म्हशींना जातं. गटातली एक आजी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आमी हे जात्यावर करत होतो न बाई. हे मशीन काही नवं नाही करत, फक्त हात नाही दुखत.’ खरंच, क्रम तोच आहे. ओलवणं, वाळवणं, भरडणं. मी तिथेच उभी राहून ऊन-ऊन डाळ मुठीत घेतली. माझ्या पाकिटावर आता ‘तूर: मेहकर’ असं छापलं आहे, आणि ते वाचून लोक मला विचारतात, ‘हे कुठे आलं?’ मग काय, सुरू!

ऐका तर. सह्याद्रीची अजिंठ्याकडची जी रांग आहे, ती बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग करते. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद हे घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे घाटावर. पैनगंगा घाटावरची लेक. बुलढाण्याजवळच्या डोंगरात ती उगम पावते, मेहकरवरून जाते, मग विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली सीमा आखत सहस्रकुंडाला उडी घेते आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वर्धेला मिळते. तिथून प्राणहिता, गोदावरी आणि थेट बंगालचा उपसागर! मेहकरच्या पुलावर उभं राहिलं की हे पाणी आंध्राच्या किनाऱ्यावर पोचणार आहे, हे काही केल्या खरं वाटत नाही. कारण हिवाळ्यात पात्रात पाणी बेताचंच असतं. वर पेनटाकळीला धरण आहे, पाण्याची राखण तिथेच होते. पावसाळ्यात मात्र हीच नदी काय रूप घेते ते गावकरी हात रुंदावून दाखवतात.

नदीकडून गावात चढलं की जुनं मेहकर सुरू होतं, आणि इथे माझा उत्साह खरोखर हाताबाहेर जातो. शारंगधर बालाजीचं मंदिर आहे. मी दर्शनाला गेले ते डोळे मिटून हात जोडण्याच्या तयारीने, आणि समोर बघून मिटलेले डोळे टक्क उघडले. काळ्या पाषाणाची, माणसाच्या दुप्पट उंचीच्या आसपासची उभी विष्णुमूर्ती! अकरा फूट, असं तिथे सांगतात. दगडाला अशी झिलई की समईची ज्योत तिच्या अंगावर हलताना दिसते. प्रभावळीतल्या बारीक आकृती बघायच्या तर मान वर करून करून दुखते. ही मूर्ती 1888 साली जमीन खोदताना सापडली. गोरे साहेब ती विलायतेला नेणार, अशी कुणकुण लागताच गावाने तातडीने तिची प्रतिष्ठापना करून टाकली, हा किस्सा मला तीन जणांनी तीन तऱ्हांनी ऐकवला, आणि तिघांचाही आवेश असा होता की जणू परवाच खोदकाम झालं. माझं मत विचाराल तर कुठल्याही परदेशी संग्रहालयात या मूर्तीसमोर दोरी लावून तिकीट काढलं असतं. इथे पुजारी विचारतात, ‘तीर्थ घेतलं का?’

गावाबाहेर एक जुनी धर्मशाळा आहे, हेमाडपंती. मधे चौकोनी अंगण, भोवती खांबांच्या ओवऱ्या, चुन्याशिवाय एकावर एक रचलेले दगड. पुरातत्त्व खात्याचं ते संरक्षित स्मारक आहे. मी गेले तेव्हा तिथे मी, एक शेळी आणि अभ्यास करत बसलेला एक पोरगा, एवढीच मंडळी. कधीकाळी याच ओवऱ्यांत वाटसरू पथाऱ्या टाकून झोपत असणार. मेहकर तेव्हाही वाटेवरचं गाव होतं. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं हे ठाणं, ‘ऐने अकबरी’त त्याची नोंद आहे. 1769 मध्ये नागपूरकर भोसल्यांना धडा शिकवायला निघालेल्या थोरल्या माधवराव पेशव्यांचा तळ इथे पडला. 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांवर चालून जाणारा इंग्रज सेनापती डव्हटन इथेच थांबला. आणि इंग्रजांच्या अमलात, 1860च्या दशकात, काही काळ या आख्ख्या जिल्ह्याचंच नाव ‘मेहकर जिल्हा’ होतं. मग कचेरी थंड हवेच्या बुलढाण्याला गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं. मेहकरकरांना याची रुखरुख अजून आहे का? मी विचारलं. पानाच्या टपरीवरचा एक जण म्हणाला, ‘साहेबाला गरमी होत होती, आपण काय करता?’

आणि कंचनीचा महाल! पडका, उंच, दुरून दिसणारा. कंचनी नावाची कलावंतीण होती. लोणारच्या देवळातला दिवा आपल्या महालातून दिसावा म्हणून ती मजल्यावर मजला चढवत गेली, अशी कथा सांगतात. लोणार इथून पंचवीसएक किलोमीटर. कथेचा शेवट प्रत्येक जण वेगळा करतो आणि तो दुसऱ्याला पटत नाही. मी वर चढायला निघाले तर एका गुराख्याने अडवलं, ‘ताई, नका. दगड सुटे हायेत.’ बरोबर होतं त्याचं. तुम्हीही खालूनच बघा.

या महालावर ना. घ. देशपांडे यांची कविता आहे. हो, तेच! ‘शीळ’वाले! मराठी भावगीताच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांमधलं ते गाणं, जी. एन. जोशींच्या आवाजातलं. माझ्या आजीच्या तोंडी ते होतं आणि मी समजत होते की ते कुठल्यातरी कोकणातल्या किंवा पुण्यातल्या कवीचं असणार. कवी मेहकरचे वकील निघाले. 1909 मध्ये याच जिल्ह्यातल्या शेंदुरजनला जन्म, वकिली मेहकरात, आणि शेवटपर्यंत पुण्या-मुंबईची वाट न धरता लिहीत राहिले. ‘शीळ’ संग्रह 1954 चा. ‘खूणगाठी’ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सकाळी कोर्टात शेताच्या बांधाची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळी रानातल्या शिळेवर कविता करायची! मला हे कळलं ते चहाच्या दुकानात, एका निवृत्त मास्तरांकडून. ते म्हणाले, ‘तुमच्याकडे मोठ्या कवीला बघायला सभागृहात जावं लागतं. आम्हाला ते कोर्टाच्या पायरीवर दिसायचे.’ माझ्या अंगावर काटा आला.

राहायचं म्हणाल तर लॉज आहेत. पण मी तुरीचं काम लांबल्यावर जुन्या गावात माळवदाच्या घरात एक खोली घेतली. घरमालकीण काकू. त्यांनी भाडं ठरवायच्या आधी ‘उपास कोणता धरता?’ हे विचारलं. नळाला पाणी रोज येईलच असं नाही. आलं की घरात एकच धावपळ उडते, पिंप, कळशा, बादल्या, अगदी भातुकलीची भांडी भरायचीच बाकी राहतात. मलाही एका पहाटे हातात हंडा देऊन रांगेत उभं केलं. भाडेकरू म्हणून सूट वगैरे काही नाही! जेवायला ज्वारीची भाकर, ठेचा, आलू-वांग्याची रस्सा भाजी, तेलाचा तवंग वर आलेली, आणि रविवारी वरण-बट्टी. बट्टी कुस्करून, त्यावर वरण, त्यावर तूप. काकू तूप वाढताना ‘पुरे’ हा शब्द ऐकत नाहीत. ते वरण ओट्यावरच्याच तुरीचं होतं. मी एकदा विचारलं, काकू, यात काय घालता? ‘काही नाही. डाळ चांगली असली की काही घालू नये.’

फेब्रुवारीत गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल, जिच्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला कंबरेएवढ्या उंचीची पांढऱ्या गोंड्यांची शेतं. मला वाटलं, फुलशेती. तर तो कांदा! पानं खाण्याचा नाही, गड्डा विकण्याचा नाही, तर बियांसाठी ठेवलेला. हिवाळ्याच्या तोंडाला कांदे लावायचे, त्यांना दांडे फुटतात, दांड्यांवर हे चेंडूएवढे गोंडे, आणि प्रत्येक गोंड्यावर शेकडो बारीक फुलं. शेतात पाऊल टाकलं तर नुसता गुणगुणाट, कारण परागीकरण सगळं मधमाश्यांच्या हाती. फुलोऱ्यात फवारणी करायची नाही, नाहीतर माश्या जातात आणि बी भरत नाही. शेतकरी दादांनी एक गोंडा वाकवून दाखवला. एकाच गोंड्यावर चार माश्या, मागचे पाय परागाने पिवळे झालेले. ‘ह्या आमच्या मजूर,’ ते म्हणाले, ‘बिनपगारी.’ उन्हाळ्याच्या तोंडाला काळं बारीक बी झोडून निघतं. चिखली, मेहकर, देऊळगाव राजाच्या पट्ट्यात बियाण्यांच्या धंद्याने चांगलं मूळ धरलं आहे. शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो यांचंही बी करतात. धंदेवाइकांनी या गोष्टीकडे लक्ष द्यावं. तूर वर्षातून एकदा, पण बियाण्याचं काम वेगवेगळ्या हंगामांत हाताला राहतं.

जानेवारीत मी तिथे होते म्हणून हिवरा आश्रमाचा विवेकानंद जन्मोत्सव मला मिळाला. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाचं हे गाव मेहकर तालुक्यातच आहे. उघड्या शेतात अफाट पंगत बसते आणि पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरने वाढतात. ट्रॅक्टरने! ट्रॉलीत पुऱ्यांचा डोंगर, त्यात उभे स्वयंसेवक, आणि ओळीओळीने ट्रॅक्टर पुढे सरकतोय. माझ्या पानात पुऱ्या पडल्या तेव्हा मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना. दुसरा योग अजून साधायचा आहे: शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारहून मेहकरला येते, मग जानेफळमार्गे खामगाव आणि शेगाव. काकूंनी तेव्हाचं निमंत्रण देऊन ठेवलं आहे. त्यात खोलीचं भाडं माफ आहे की नाही ते मी विचारलेलं नाही.

एक मात्र खटकतं. मेहकरला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिची पिढ्यान्‌पिढ्या नुसती चर्चा चालते. माल म्हणून रस्त्यानेच जातो. आता समृद्धी महामार्ग झाला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी, आणि 5 जून 2025 ला पार आमण्यापर्यंत, म्हणजे आमच्या भिवंडी-डोंबिवलीच्या अंगणापर्यंत. पुरे 701 किलोमीटर. माझी डाळ त्याच रस्त्याने येते, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण पूर्वीची बस निदान दहा मिनिटं तरी थांबायची. आता गाड्या मेहकरच्या पाटीवरून सुसाट निघून जातात. जुन्या हमरस्त्यावरच्या चहावाल्यांना, हॉटेलवाल्यांना याचा फटका कसा बसतो ते त्यांच्या रिकाम्या बाकांवर दिसतं. गावात धंदा करणाऱ्याने हा हिशोबही मांडायला हवा: इथे वाटसरूवर दुकान चालवायचे दिवस जात आहेत, माल पिकवणाऱ्याबरोबर चालवायचे दिवस आहेत.

म्हणून सांगते, समृद्धीवरून जाताना मेहकरच्या फाट्याला गाडी खाली घ्या. नागपूरहून तीन तासांच्या आसपास. तुरीसाठी जानेवारी-फेब्रुवारी गाठा, सकाळीच समितीत पोचा, परवान्याचा व्यापारी आधी गाठून ठेवा आणि काटा स्वतः पाहा. बालाजीचं दर्शन, धर्मशाळा, महाल हे एका दिवसात होतं. लोणारच्या विवराला वेगळा दिवस द्या, तिथे घाई करण्यात अर्थ नाही. चहाला नाही म्हणू नका. आणि ओट्यावर तूर आवडलीच, तर एवढी मेहरबानी करा: पाच-दहा कट्टे माझ्यासाठी मागे ठेवा, डोंबिवलीची गिऱ्हाइकं आता दुसरी डाळ घेत नाहीत.